हिराकाकींचं पोतं

हिराकाकी बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, त्याच्या हातातल्या बाटलीकडे बघतात. बाटलीत दोन घोट उरले असतील तर समोरच उभ्या राहतात. "पी बाय, पी. मी हाय हितंच." पिणाऱ्याला ठसका लागतो, पण बाटली पोत्यात पडेपर्यंत काकी हलत नाहीत.

त्यांना गरीब समजणारा फसतो. गळ्यात बोटभर जाड सोन्याची माळ असते. करंजाड्यातली आमची इमारत जिथे उभी आहे, तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. दोन्ही मुलगे आता बिल्डर झालेत. तरी काकी सिमेंटचं रिकामं पोतं घेऊन बाटल्या वेचत हिंडतात आणि शेअर रिक्षाने पनवेलात जाऊन भंगारवाल्या सलीमभाईंना विकतात. पुतण्याच्या हळदीला सगळी भावकी डीजेपुढे नाचत होती, तेव्हा काकी भरजरी साडीत खुर्च्यांखाली वाकून थंड्याच्या बाटल्या ओढून काढत होत्या.

आणि सतत संतापलेल्या! गाडीतून बाटली फेकणाऱ्या एकाला त्यांनी सिग्नलवर गाठलं आणि उघड्या काचेतून ती परत त्याच्या मांडीवर टाकली.

"ही काय तुज्या बापाची जागा हाय?"

"मग तुमच्या बापाची आहे का?" तो गुरकावला.

"माज्या सासऱ्याची व्हती! आन आता दे ती बाटली हितं."

आमच्या सेक्रेटरींना हे सगळं सोसायटीच्या इभ्रतीला शोभेना. त्यांनी गेटवर पाटी लावली: 'बाहेरच्या व्यक्तींनी कचऱ्याच्या डब्यांना हात लावू नये.' काकींनी ती पाटी माझ्याकडून वाचून घेतली आणि थेट सेक्रेटरींच्या दाराची बेल वाजवली. ते हाफ पँटमध्ये बाहेर आले.

"बाहेरचं कोन रं? आमी हितं भात लावत व्हतो तवा तू कुटं व्हतास? अर्धं पानी पिऊन अर्धं टाकताव तुमी, आन इभ्रत माज्या पोत्यानं जाते?"

मलाही तेच म्हणायचं होतं. पाटीचं ठरलं त्या मीटिंगमध्ये मात्र मी तोंड उघडलं नव्हतं. पाटी संध्याकाळी उतरली.

सेक्रेटरींनी मग काकींच्या थोरल्या मुलाला फोन केला. तो आईला म्हणाला, "किती पैसे पाहिजेत ते सांग, पण हे बंद कर." काकींनी त्याला चांगलंच झापलं. पण डोकं चालवलंच त्याने. सलीमभाईंशी परस्पर ठरवून टाकलं: दर रविवारी त्यांचा टेम्पो काकींच्या बंगल्यावर येईल आणि बाटल्या घेऊन जाईल. वर भावही जास्त देतील.

त्या रविवारी मी बाजारातून येत होते. काकी आमच्या इमारतीच्या पायरीवर बसलेल्या, हात रिकामे.

"काय झालं काकी?"

"टेम्पो येतो म्हने दारात!" त्या कडाडल्या. "कुनी सांगितला व्हता? म्हातारीला काय पाय नायत?"

"अहो, पण ओझं वाचलं की. भावही चांगला मिळतोय."

"भाव घालायचाय चुलीत! तो सलीम काटा मारतो, मी भांडते. तो हसतो, खुर्ची देतो, चा मागवतो. बायकोचं सांगतो, लेकीचं सांगतो. मी बी सांगते. दुपार जाते." इथे त्यांचा आवाज खाली आला. "घरात सगली आपापल्या खोलीत, दारं लावून. टेम्पो दारात आला, मंग मी जाव कुटं?"

मी म्हणाले, "काकी, वर चला. माझ्याकडे बाटल्या साठल्यात."

एकही नव्हती.

काकी वर आल्या. पंख्याखाली ऐसपैस बसल्या, चहा प्यायल्या, साखर कमी पडली म्हणून मला रागावल्या. मग भातलावणीचं, गुडघ्याचं, धाकट्या सुनेचं बोलत राहिल्या. दिवेलागणीला उठल्या, चपला घातल्या, "येते गो बाय" म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

बाटल्या कुठे आहेत, हे त्यांनी विचारलंच नाही.