पाच मिनिटांची स्मूदी आणि निळे ओठ

फळवाल्याने तिला सांगितलं होतं. अगदी स्पष्ट सांगितलं होतं.

"ताई, या बेरीचा रंग फार चिवट बरं का! कपड्याला लागला तर कपडा गेला. ओठाला लागला तर दुपारपर्यंत हलत नाही."

तिने मान डोलावली, पण ऐकलं नाही. कारण त्या वेळी ती पाकिटाच्या तळाशी छापलेली तारीख भिंगातून वाचत होती. हो, भिंगातून! घरात अकरा महिन्यांची मुलगी असताना पर्समध्ये भिंग नसेल, तर ती आई कसली, असं तिचं साधं मत होतं.

सोमवारपासून ती कामावर रुजू होणार होती. मुलीला घरात सगळे ढब्बू म्हणत, आणि ते रास्तच होतं. ढब्बूला पाळणाघरात ठेवायचं ठरलं होतं. आसपासच्या एकुलत्या एका धड पाळणाघरात एकच जागा उरली होती. आणि तिथल्या बाईंची ख्याती अशी, की त्या मूल बघून जागा देत नाहीत, आई बघून देतात. घाबरट, उठसूट फोन करणारी आई दिसली की "जागा भरली हो" म्हणून मोकळ्या! शनिवारी अकरा वाजता त्या घरी येणार होत्या.

"तू फक्त बघ," तिने नवऱ्याला बजावलं. "मी इतकी शांत दिसेन, इतकी शांत, की बाईंना वाटेल मला मूलच नाही!"

"आणि मूल मांडीवर असलं तर?"

"तू तुझं काम कर."

तिची योजना तयार होती. बाई आल्या की बेरी आणि दह्याची थंडगार स्मूदी पुढे करायची. घाबरट बायका स्मूदी करत नाहीत. स्मूदी म्हणजे कशी पाच मिनिटांत, हसत हसत होते!

तशी तिला पन्नास मिनिटं लागली. मिक्सरचं भांडं दोनदा उकळत्या पाण्याने धुतलं. बेरी एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. दह्याचा वास आधी स्वतः घेतला, मग नवऱ्याला दिला, मग सासूबाईंना. एकमत झाल्यावरच बटण दाबलं. चमचाभर चव पाहिली. शंका आली म्हणून आणखी चमचाभर पाहिली. शंका फिटली म्हणून आनंदाने तिसऱ्यांदा पाहिली. मग काचेचा जग काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवला, त्यावर 'पाहुण्यांसाठी. हात लावू नये.' अशी चिठ्ठी डकवली आणि अंघोळीला गेली.

बाहेर आली तेव्हा साडेदहा झाले होते. ढब्बू आजीच्या मांडीवर टाळ्या पिटत होती. आणि तिचे ओठ निळे होते.

निळे! बॉलपेनाच्या शाईसारखे!

'ओठ निळे पडणे' हे बालसंगोपनाच्या पुस्तकात पान दोनशे चौदावर होतं. पुस्तक उघडायची गरज नव्हती.

"आई! हिला काय भरवलंत?"

"मी? मी कशाला काही भरवू?" सासूबाई ढब्बूच्या टाळूकडे बघत म्हणाल्या. "तुझा तो तक्ता आहे ना फ्रिजवर. त्याच्याबाहेर मी पाण्याचा थेंब देत नाही हो."

तक्त्यावर बेरीची नोंद होती : पुढच्या महिन्याची बारा तारीख, अर्धा चमचा, सकाळी, डॉक्टर दवाखान्यात असताना.

ती धावत फ्रिजकडे गेली. जग काठोकाठ भरलेला होता. म्हणजे बेरी नाही. रंग मघापेक्षा थोडा फिका वाटला, पण दही वर आलं असेल. मग काय असेल? ती वळली, आणि तिचं लक्ष सासूबाईंच्या तोंडाकडे गेलं.

"आई, तुमचेही!"

"माझे काय?"

आरडाओरडा ऐकून नवरा खोलीतून बाहेर आला. तो विम्याच्या कंपनीत होता. लोक कुठे खोटं बोलतात ते शोधून काढायचा त्याला पगार मिळे. त्याचेही ओठ निळे होते.

"तू काही प्यायलास? खाल्लंस?"

"छे!" तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. निळ्या ओठांपुढे ते फार उठून दिसले. तिला ते आणखी एक लक्षण वाटलं.

नंतर उघड झालं ते असं. नवऱ्याला वाटलं होतं, आपण अर्धा ग्लास ढापला हे खरं, पण बाळाने तर काही घेतलं नाही, मग तिचे ओठ कशाने? सासूबाईंना बाळाच्या ओठांचं कारण पक्कं ठाऊक होतं, पण मुलाच्या ओठांचं नव्हतं. दोघांनी अर्धं अर्धं गणित सोडवलं आणि दोघेही खरोखर घाबरले.

तिने मात्र पूर्ण गणित सोडवलं. एक घर, तीन माणसं, तिघांचे ओठ निळे. तिने आरशात पाहिलं. चार माणसं! आणि तिने तर काही प्यायलं नव्हतं. चव बघणं म्हणजे पिणं नव्हे.

"गॅस!" ती ओरडली. "गॅस गळतोय! सगळे बाहेर! लिफ्ट नको, ठिणगी पडेल!"

चार मजले! पुढे ती, कडेवर ढब्बू, काखेत ढब्बूची फाइल. मागे सासूबाई, एका पायात चप्पल. त्यांच्या मागे नवरा, छातीशी लॅपटॉप.

खाली फाटकाजवळ उभं राहून तिने गॅस कंपनीला फोन लावला.

"वास येतोय का, मॅडम?"

"अजिबात नाही. तोच तर धोका आहे!"

"किती जणांना त्रास होतोय?"

"चौघांना. चौथी मीच बोलतेय."

"माणूस पाठवतो," पलीकडचा आवाज म्हणाला.

बारा मिनिटांत मेकॅनिक आला. मीटर घेऊन चार मजले चढला. बऱ्याच वेळाने मिशा पुसत खाली आला.

"काही नाही ताई. मीटर शून्यावर आहे. घर एकदम स्वच्छ."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मिशांच्या खाली त्याचे ओठ जांभळटनिळे होते.

"अरे देवा! यांनाही लागला!"

तिच्या किंकाळीने समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या. आणि त्याच क्षणी फाटकातून पाळणाघराच्या बाई आत आल्या. घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी होती.

बाईंनी पाचही तोंडं एकेक करून पाहिली. बावीस वर्षं त्यांनी मुलांची तोंडंच पुसली होती.

"कुठली बेरी?" त्यांनी विचारलं.

मेकॅनिकने पुन्हा मिशा पुसल्या.

"एकच चमचा दिला हो," सासूबाई अखेर म्हणाल्या. "नातीचं मन मोडवेना. तीन असतील. पण चमचे लहान होते. मी पण थोडी घेतली. जेवढी कमी झाली तेवढं वर दही घातलं."

"मी दूध घातलं," नवरा म्हणाला.

"मी पाणी," मेकॅनिक म्हणाला. "चार मजले चढलो, ताई. घसा सुकला होता. चिठ्ठी वाचली, पण वाटलं, मीही पाहुणाच की!"

ती पायरीवर मटकन बसली. रडूच आलं तिला. शांत दिसायचं होतं! मूलच नाही असं वाटायला हवं होतं! गेली जागा. ढब्बूने तिच्या गालावर निळा पापा दिला, तेव्हा तर हुंदकाच फुटला.

बाई शेजारी येऊन बसल्या. "मुलीला कडेवर घेऊन चार मजले उतरलात?"

"हो."

"लिफ्ट नाही घेतली?"

"ठिणगी..."

"किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं चाळीस सेकंद. मी घड्याळ लावलं होतं."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मागच्या महिन्यात आम्ही आगीची तालीम घेतली. माझ्या दोघी मदतनीस एका मजल्यावरून उतरायला नऊ मिनिटं घेतात! एक तर केस विंचरून आली." त्या उठल्या. "जागा तुमची. तालमीच्या दिवशी येऊन माझ्या बायकांना शिकवायचं. पण एक अट. दिवसाला फोन एक. फक्त एक!"

मग सगळे वर गेले. बाईंनी जगमधली स्मूदी संपवली आणि छान झाली आहे म्हणाल्या. त्यांच्या ओठांना काहीही झालं नाही. त्या जगमध्ये आता रंगापुरतीसुद्धा बेरी उरली नव्हती.

हे सगळं शनिवारचं. आज सोमवार, सव्वादहा वाजले आहेत. ती ऑफिसात आपल्या जागेवर बसली आहे आणि तिचा आजचा फोन नऊ वाजून चार मिनिटांनी संपला. 'ढब्बू पोचली का?' असं विचारण्यात संपला. नऊ वाजता तिला सोडून आली होती ती स्वतःच! नंतर नवऱ्याला फोन करायला लावला, तर बाईंनी तोही तिच्याच खात्यात धरला आणि उद्याचाही संपला म्हणून सांगितलं.

म्हणून तिची तुम्हाला एक छोटीशी विनंती आहे. तुम्ही त्या रस्त्याने जाणारच असाल, तर पिवळ्या फाटकाच्या डावीकडे दुसरी खिडकी आहे. पडदा थोडा आखूड आहे, चवड्यांवर उभं राहिलं की दिसतं. आत जाऊ नका, काही विचारू नका. ढब्बू झोपली आहे का, तेवढं बघा. आणि झोपली असेल, तर कुठल्या कुशीवर?