तिसऱ्या रांगेची चाचणी

बैठकीच्या खोलीत सहा खुर्च्या तीन रांगांत मांडल्या होत्या. पुढे निरीक्षक स्वतः आणि त्यांच्या शेजारी, शोरूमच्या विक्रेत्याच्या जागी, एक उशी. मधल्या रांगेत पत्नी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मेहुणा. सगळ्यांत मागे, कपाटाला पाठ लावून, निरीक्षकांची आई. सराव चालू होता.

"चढताना आई सगळ्यांत आधी, उतरताना सगळ्यांत शेवटी," निरीक्षक म्हणाले. "गाडी चालू असताना कुणी बोलायचं नाही, आवाज मोजायचाय. मागे वळून बघायचं नाही, वजन सरकतं."

"शिंक आली तर?" मेहुण्याने विचारलं.

"दाबायची."

"दाजी, आपण गाडी घ्यायला चाललोय की चोरायला?"

निरीक्षक हसले नाहीत. दुकानादुकानांतून तराजू आणि मापं तपासण्यात त्यांची नोकरी गेली होती, आणि तराजू तपासताना हसणाऱ्या माणसाचं काहीतरी कमी भरतं असा त्यांचा अनुभव होता.

गाडी घ्यायची होती ती आईसाठी. आईची थोरली बहीण दिवसभराच्या अंतरावर, नदीकाठच्या एका गावात एकटी राहत होती. मागच्या खेपेला आईला घरच्या जुन्या, बुटक्या गाडीतून तिच्याकडे नेलं, तेव्हा परतल्यावर दोघांनी धरून तिला बाहेर काढावं लागलं होतं आणि नंतर कित्येक आठवडे ती अंथरुणाला खिळली होती. त्या दिवशी गाडी निरीक्षक चालवत होते. तेव्हापासून आईला गाडीत बसवणं आणि गाडीतून उतरवणं हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. आईच्या कमरेला धक्का लागणार नाही अशी पुरती खात्री पटेल तेव्हाच नवी गाडी घ्यायची, हेही तेव्हाच ठरलं. आणि खात्री पटत नव्हती. दोन मिनीव्हॅनांची तुलना पुरी होते न होते तोच तिसरी बाजारात येई, आणि तिसरी चालवून होईपर्यंत पहिलीचं नवं मॉडेल निघे. अशी दोन वर्षं गेली होती. थोरली मावशी दर रविवारी फोनवर एकच प्रश्न विचारायची, "येतेस, की मी निघू?" ती कुठे निघण्याबद्दल बोलतेय हे घरात सगळ्यांना कळत होतं.

"या वेळी नक्की ना रे?" मागच्या खुर्चीतून आईने विचारलं.

"नक्की. करडी बाद झाली. आता उरल्या पांढरी आणि निळी. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच वजनानिशी."

"वजन म्हणजे आपण," पत्नीने सासूबाईंना समजावलं.

"आणि मला मागेच का?"

"तिसरी रांग ही गाडीतली सगळ्यांत वाईट जागा असते," निरीक्षक म्हणाले. "तिथे तू टिकलीस तर कुठेही टिकशील."

"परीक्षा गाडीची आहे की माझी, ते एकदा सांग म्हणजे झालं," आई म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले. सरावातही तिला बसल्याबसल्या कंटाळा आला होता.

पांढऱ्या गाडीच्या शोरूमला सगळे दोन गाड्यांतून गेले. निरीक्षक आणि पत्नी जुन्या गाडीत. आई आणि मुलगी मेहुण्याच्या, जरा उंच गाडीत. पोचल्यावर निरीक्षकांनी सगळ्यांचे फोन गोळा करून आपल्या खिशात घातले. मेहुण्याच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला दिला. मग आईचा हात धरून तिला सावकाश मागे बसवलं, पट्टा लावला आणि मागच्या चाकापाशी गुडघे टेकून, चाक आणि त्यावरचा पत्रा यांतलं अंतर मोजलं.

पांढरी चांगली होती. जमिनीपासून तळ इतका कमी उंचीवर की पाय उचलावा लागत नव्हता. सिग्नलला थांबली की इंजिनाचा आवाजच बंद. सुरू झाली तरी बाहेरचे लोक बाजूला होईनात, कारण त्यांना ती ऐकूच येत नव्हती. ब्रेक मात्र करडीपेक्षा जरा उतावीळ होते. वळणावर गाडी किंचित कलायची, पण लगेच सावरायची. खड्ड्यातून गेली तेव्हा मेहुण्याच्या पँटवर जेमतेम चार थेंब सांडले. करडीत त्याला घरी जाऊन कपडे बदलावे लागले होते.

"आणि आता ही गंमत बघा, सर," परत आल्यावर विक्रेता म्हणाला. "दार. नुसतं किल्लीवरचं बटण दाबायचं."

निरीक्षकांनी मेहुण्याला आणि मुलीला हात केला. "तुम्ही पुढे व्हा, निळीवाल्यांना तयार राहायला सांगा. रहदारी वाढायच्या आत दोन्ही व्हायला हव्यात." मग ते पुन्हा चाकापाशी वाकले. अंतर मोजलं. उठले. मधली रांग रिकामी होती. त्यांनी बटण दाबलं. दार आपल्या आपण सरकत आलं आणि पुस्तक मिटावं तितक्याच आवाजात बंद झालं.

"उत्तम," ते म्हणाले. दार बंद म्हणजे गाडी रिकामी, असं त्यांनी धरलं; आई आली तशी मेहुण्याच्या गाडीतून पुढे गेली असणार. तिकडे मेहुण्याने धरलं की आजींना दाजींशिवाय कुणी उतरवायचंच नाही, तेव्हा त्या दाजींबरोबर येणार. दोन्ही अनुमानं तर्काला धरून होती.

निळीच्या शोरूमला निरीक्षक पोचले तेव्हा मेहुणा आणि मुलगी गाडीच्या उघड्या दाराशी उभे होते. म्हणजे याने आईला आधीच बसवलं. निरीक्षकांना ते आवडलं नाही, पण याबद्दल घरी गेल्यावर बोलायचं असं त्यांनी ठरवलं. "बसा," ते एवढंच म्हणाले. दाजी नियमाचे इतके पक्के, की आजी बसल्याशिवाय 'बसा' म्हणायचे नाहीत, हे मेहुण्याला ठाऊक होतं. तो बसला. मधल्या सीटची पाठ उंच होती आणि मागे वळून बघायची मनाई होती.

निळी निघाली. तोच रस्ता, तेच खड्डे. निरीक्षकांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. निळीचं स्टीअरिंग जरा जड होतं, चढावर इंजिन कण्हत होतं, पण मागचा भाग! खड्ड्यातून उठताना तो जराही दबत नव्हता. वळणावर मागून ना हुंकार, ना सुस्कारा. परतल्यावर त्यांनी चाकाजवळचं अंतर मोजलं, विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं.

"याला म्हणतात सस्पेन्शन," ते विक्रेत्याला म्हणाले. "भरल्या गाडीत मागचा भाग बसलेलाच नाही. पांढरीपेक्षा कितीतरी कमी दबलाय."

"आमच्या गाडीची खासियतच आहे ती, सर."

"आई, कशी वाटली?"

मागून उत्तर आलं नाही.

"बघ," निरीक्षक पत्नीला म्हणाले. "दोन वर्षांत पहिल्यांदा आईला नाव ठेवायला काही सापडलं नाही."

मुलगी नियम मोडून मागे वळली.

"बाबा," ती म्हणाली, "आजी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे सीट आहे. आजी नाही."

मग सगळे एकदम बोलू लागले. "तू आणलंस ना?" "मी? तुम्ही आणलंत!" "तिला फोन लावा!" पत्नीने म्हटलं, आणि निरीक्षकांच्या खिशातून वेगवेगळ्या सुरांत एकामागून एक दोन फोन वाजले: आधी मेहुण्याचा, कारण घाईत त्याने विक्रेत्याच्या फोनवरून स्वतःलाच लावला होता, आणि मग आईचा.

पांढरीच्या शोरूमला परत जाताना गाडीत कुणी बोललं नाही, आणि या वेळी ते कुणी सांगितलेलं नव्हतं. निरीक्षकांना दिसत होतं ते एकच: आपण बटण दाबतोय, आणि दार सरकत येतंय. वाटेत पत्नी एकदाच म्हणाली, "अहो, सावकाश चालवा," आणि तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

शोरूमच्या अंगणात पांढरी नव्हती.

"ती बाहेर गेलीय, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "दुसरं गिऱ्हाईक आलंय. बेकरीवाले आहेत."

"तिच्यात माझी आई आहे!"

"आई?" मुलीने फोन खाली ठेवला. "आत्ताच आमच्या माणसाशी बोलले मी. तो म्हणाला, साहेब, त्यांची बायको आणि आजी, तिघंही खुशीत आहेत. तुमच्या आई असत्या तर बेकरीवाल्यांनी सांगितलं नसतं का?"

निरीक्षक अंगणातल्या पायरीवर बसले. इतरांची मापं तपासताना शेरा मारायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता. पण आपण आईला मोजायचं विसरलो, याला कोणता शेरा द्यायचा ते त्यांना सुचेना. मेहुणा काहीतरी विनोद करायला आला, त्यांचा चेहरा बघून नुसताच शेजारी बसला.

पांढरी आली ती ऐकू न येताच आली. दार सरकलं. निरीक्षक धावत पुढे झाले, हात पुढे करून. पण त्यांच्या आधीच आईने दाराची दांडी धरली, एक पाय खाली टेकवला, मग दुसरा, आणि ती उभी राहिली. एकटी.

"आई! कंबर?"

"कमरेला काय झालंय? झोप झाली छान." तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तू असा का दिसतोयस? खाल्लं नाहीस काही?"

तिच्यामागून गोल चेहऱ्याचा बेकरीवाला उतरला. त्याने निरीक्षकांचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही मॅनेजर का? यांना पगार वाढवून द्या हो. मागच्या सीटची एवढी माहिती देणारं माणूस मी कुठल्याच शोरूममध्ये पाहिलं नाही."

"त्या माझ्या आई आहेत," निरीक्षक म्हणाले.

"आँ?" बेकरीवाला आपल्याबरोबर आलेल्या दुसऱ्या विक्रेत्याकडे वळला. "तुमच्या कंपनीच्या नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्या आई," विक्रेता पुटपुटला.

"मी कुणाची आहे ते कुणी विचारलंच नाही," आई म्हणाली. "ब्रेक जोरात लागला तेव्हा जाग आली. पुढे वेगळाच माणूस. मला वाटलं, तुलनेसाठी तूच दुसरा ड्रायव्हर बसवलास. तू म्हणाला होतास, बोलू नकोस. म्हणून गप्प होते. मग यांच्या बायकोने विचारलं, मागे कसं वाटतं, तेव्हा बोलले."

"काय बोललीस?"

"खरं ते. करडीत गुडघे हनुवटीला लागतात. हिच्यात पाय लांब होतात आणि मागेही गार वारा येतो. ब्रेक जरा दांडगे आहेत, पण ते चालवणाऱ्याच्या पायावर आहे."

"त्यानंतर मी पाय हलका ठेवला," बेकरीवाल्याने लगेच सांगितलं. "आणि ठरवूनच टाकली. घेतली. हीच. आठवडाभर पावाचे ट्रे, सुट्टीला घरची माणसं."

"घेतली?" निरीक्षकांनी विचारलं. "निळी न चालवता?"

"बायकोला आवडली, तुमच्या आईंना झोप लागली. आणखी काय बघायचं असतं?"

निरीक्षकांना खूप काही सांगता आलं असतं. पण निळीचे सगळे आकडे आईशिवायचे निघाले होते, ती चाचणी रद्द धरावी लागणार होती. पांढरी तर समोरच विकली गेली होती, आणि दुसरी पांढरी यायला चार महिने लागतील असं काउंटरवरची मुलगी कुणीही न विचारता सांगत होती. चार महिने. थोरली मावशी दर रविवारी फोनवर येणार होती.

बेकरीवाल्याची बायको आईचा हात धरून उभी होती. "आम्ही शनिवारी माझ्या माहेरी निघालोय," ती म्हणाली. "तुमच्या आईंच्या बहिणीचं गाव आमच्या वाटेवरच आहे. आम्ही म्हटलं, चला आमच्याबरोबर."

"मी हो म्हणाले," आई म्हणाली.

"आई, अगं, या लोकांना आपण ओळखतसुद्धा नाही!"

"मला यांच्या गाडीत कोंडून गेलास, तेव्हा ओळखत होतास?"

पत्नीने तोंडावर पदर धरला. मेहुण्याने तर सरळ पाठ फिरवली; त्याचे खांदे हलत होते. निरीक्षकांनी आईकडे पाहिलं. दोन वर्षांत ती इतकी ताठ उभी राहिलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"आणि परत कशी येशील?"

"तू ये की आणायला," आई म्हणाली. "तुझी तुलना झाली की ये. घाई करू नकोस. आम्ही दोघी आहोत तिथे, गप्पा खूप साचल्यात." आणि ती बेकरीवाल्याच्या बायकोबरोबर, शनिवारी सोबत काय काय घ्यायचं ते बोलत, अंगणातल्या सावलीकडे गेली.

निरीक्षक काउंटरपाशी गेले. त्यांचा नेहमीचा विक्रेता लगबगीने उभा राहिला. या गिऱ्हाइकाचे प्रश्न त्याला पाठ होते.

"तुमच्याकडे तिसरी रांग असलेली, आत्ता लगेच मिळेल अशी कोणती गाडी आहे?"

"लगेच म्हणजे... एक मातकट रंगाची आहे, सर, कुणीतरी रद्द केलेली. पण ती तुमच्या तुलनेत कधी नव्हती. आज संध्याकाळी चालवून बघायची का?"

"नको," निरीक्षक म्हणाले. "सही कुठे करायची?"