पद्माबाईंचा वाघ

मोतीबिंदू निघाला, डोळ्यावरची पट्टी सुटली आणि पद्माबाई पहिलं वाक्य बोलल्या ते हे : "भिमा, मला एकदा खराखुरा वाघ दाव."

भीमराज वसमतला कारकून. मायनं कधी नव्हे ते काही मागितलं, म्हणून त्यानं लगेच हो म्हटलं. वर जाहीर केलं की, जिल्ह्यात नव्यानं झालेल्या सफारी पार्कात आपण स्वतःच्या गाडीतून जायचं. (गाडी जुनीच होती. चालवणारा मात्र कोरा करकरीत.)

"तुमाला रिव्हर्स येत न्हाई," बायको सपना म्हणाली.

"वाघासमोर रिव्हर्स कशाला? सरळ जायचं, सरळ यायचं."

हरणं, अस्वलं बघून बराबर झाली. वाघाच्या कुंपणात मात्र वळणावरच वाघ उठून रस्त्यात आला. भीमराजनं करकचून ब्रेक दाबला, क्लच विसरला. गाडी बंद! घाईनं किल्ली फिरवली, तर गाडीनं वाघाच्याच दिशेनं टुणकन उडी मारली. घाबरून त्यानं हाताला लागेल ते ओढलं. वायपर नाचू लागले आणि पाण्याची पिचकारी काच ओलांडून थेट वाघाच्या तोंडावर.

"अहो, वाघाला आंघोळ काहून घालून राहिले?"

"मी न्हाई, गाडी घालून राहिली!"

वाघानं मान झटकली, बॉनेटवर पंजे टेकले आणि काचेवरचं पाणी चाटू लागला. लेक आकांक्षा सीटखाली गेली. भीमराजनं डोळे गच्च मिटले. पद्माबाई मात्र पुढं सरकल्या.

"अगं बया, मिशा बघ! एकेक केस दिसून राहिलाय मला. एकेक!"

भीमराजनं डोळे उघडले. कित्येक वर्षांत मायला सुईत दोरा ओवता आला नव्हता. त्याला गलबलून आलं. मग वाघाची जीभ दिसली आणि त्यानं डोळे परत मिटले.

शेवटी पार्कची जीप हॉर्न वाजवत आली. वाघ कंटाळल्यासारखा निघून गेला. जीपमधून रखवालदार हिरासिंग ओरडला, "साहेब, काय तकलीफ हाये?"

"किल्ली फिरवली की उडी मारतीय!"

"मारणारच. गिअर काढा आधी!"

गिअर निघाला, गाडी मुकाट चालू झाली.

फाटकाबाहेर आल्यावर घामानं चिंब भीमराज खाली मान घालून म्हणाला, "माय, चुकलं. पुढच्या वेळी चांगला ड्रायव्हर लावतो."

पद्माबाई दचकल्याच. "नको रं बाबा! पुढच्या इतवारी हट्टा गावच्या तुझ्या मावशीला आणू. गाडी तूच चालव. चांगला ड्रायव्हर वाघापाशी थोडाच थांबतोय!"