चिटबॉयचा पट्टा

महिपततात्यांना मी कुत्र्याचा पट्टा घालून पहिल्यांदा पाहिलं ते डेअरीवर. वाक्यात चूक नाही. पट्टा तात्यांनीच घातला होता. लाल नायलॉनचा, त्यावर पांढरी हाडकं छापलेली आणि पुढे साखळी अडकवायला एक चकचकीत कडी. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात दुधाची किटली. तात्या रांगेत इतक्या निवांतपणे उभे होते, की पट्टा घालायचा आपणच विसरून आलो की काय, असं वाटावं.

डेअरीवरची मंडळी गप्प होती. लासुर्ण्यात सकाळी सकाळी इतकी माणसं एकदम गप्प बसण्याची पद्धत नाही. शेवटी मीच विचारलं, तात्या, हे गळ्यात काय?

"पट्टा हाय. चिटबॉयचा," तात्या म्हणाले. "आजचा दिस घालून बघतोय. घामानं काचतोय का बघायचं. म्होरल्याच्या गळ्यात आपुन काय बी अडकवायचं, आन त्याला बिचाऱ्याला बोलता येत न्हाय. मानंला इचारलं पायजे."

एवढं बोलून त्यांनी पाव लिटर दूध घेतलं आणि ते चालू लागले. मागोमाग चिटबॉय, म्हणजे त्यांचा कुत्रा, निघाला. त्याचा गळा मोकळा होता.

तात्या मूळचे निरवांगीचे. घरात पूर्वी मेंढरं होती. मेंढ्याच्या गळ्यात नवी घंटा बांधायची तर त्यांचे वडील म्हणे आधी ती स्वतःच्या गळ्यात बांधून माळावर एक फेरी मारायचे. मेंढरं गेली, शेती आली, तात्या साखर कारखान्यात फिटर झाले, रिटायर झाले आणि रस्त्याकडेला माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे त्याच्या मागे दोन खोल्या बांधून राहिले. पण वडिलांची खोड अंगातून गेली नाही. कुणी पेंडीचं पोतं घ्यायला निघाला की तात्या वाटेत अडवून सांगणार, आधी चावून बघ. नुसतं सांगून थांबणार नाहीत, दुकानात जाऊन स्वतः चावून दाखवणार. मी हेल्मेट घेतलं, तर ते घालून तात्या मारुतीला जाऊन आले आणि कानांनी नापसंती कळवल्याचा निरोप मला दिला. माझ्या मुलीचं दप्तर त्यांनी एकदा पुस्तकांसकट पाठीला अडकवून स्टँडपर्यंत नेलं. परत येताना शाळेत शिरून हेडमास्तरांना सांगून आले, की पोरीच्या पाठीची तक्रार आहे. त्यानंतर हेडमास्तर मला भेटले की मुलीच्या अभ्यासाऐवजी तात्यांच्याच तब्येतीची चौकशी करायचे.

तात्यांचा मुलगा रमेश पुण्यात असतो. चांगला मुलगा आहे, बोलावतो. तात्यांच्या बायको, आमच्या काकू, वारल्या त्या वर्षी तो तात्यांना घेऊन गेला होता. तात्या आठवडाभरात परत आले. का आलात, विचारलं, तर म्हणाले, तिथल्या गादीनं ठेवून घेतलं नाही. मी हसलो. तात्या हसले नाहीत, पण त्यांचं असंच असतं म्हणून मी सोडून दिलं.

आता चिटबॉयविषयी. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारखान्याचा चिटबॉय म्हणजे बांधाबांधानं फिरून कुणाचा ऊस किती वाढला, कुणाची तोड कधी आली, हे बघणारा माणूस. हे कुत्रंही तेच करायचं. सकाळी उठून प्रत्येकाच्या फडात शिरायचं, नाक लावून पाहणी करायची आणि तोंड वाकडं करून बाहेर पडायचं. नाव तात्यांनीच ठेवलं. दोन हंगामांपूर्वी ऊसतोडीच्या एका टोळीबरोबर ते आलं होतं. पाय मोडलेला होता. टोळी गेली आणि हे तात्यांच्या ओट्याखाली राहिलं. तात्यांनी बांबूच्या कामट्या बांधून पाय नीट केला. अर्थात कामट्या आधी स्वतःच्या नडगीला बांधून पाहिल्या होत्या.

मला स्वतःला कुत्र्यांचं प्रेम नाही. हे उघड सांगितलेलं बरं. चिटबॉय माझ्या दुकानासमोर नळ्यांच्या बंडलावर झोपतो, गिऱ्हाईक आलं की उठत नाही आणि गिऱ्हाईक गेलं की भुंकतो. मी दिवसातून दहा वेळा त्याच्या नावानं कुरकुर करतो. माझी बायको सुनंदा त्याला भाकरी घालते. तिच्याही नावानं कुरकुर करतो.

पट्ट्याची गरज पडली ती अशी. गेल्या वर्षी हंगाम सुरू झाला आणि रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाहायला लागल्या. बैलगाड्या दिसल्या, गाडीवर बसलेल्या बाया-माणसांचा आवाज कानावर पडला, तसं चिटबॉयचं चित्त उडालं. एका टोळीमागं निघाला तो दिसेनासा झाला. तात्या आठवडाभर भाकरी कापडात बांधून एकेक फड पालथा घालत होते. अखेर इंदापूरच्या अलीकडे एका खोपीपाशी तो सापडला. खोपीतल्या बाईनं त्याला खाऊ घातलं होतं. कुणाचा हाय ह्ये कळायला काय बी न्हवतं, असं ती म्हणाली, आणि ते तात्यांच्या मनाला लागलं.

बांधून ठेवा की मग, असा सल्ला आम्ही सगळ्यांनी दिला. तात्यांनी एक दुपारभर बांधून पाहिलं. चिटबॉय रडायला लागला आणि तात्या ओट्यावर त्याच्याकडे पाठ करून बसले. दिवस मावळायच्या आत त्यांनी दोरी सोडली आणि म्हणाले, "त्याला बांधलं की माझाच जीव कोंडतोय. त्याची माणसं हुडकायला जात आसंल तर जाऊ दे. पर माघारी कुठं यायचं, ह्ये त्याच्या गळ्यात लिवलेलं पायजे." तेव्हा ठरलं, की पुढला हंगाम लागायच्या आत गळ्यात नावाचा पट्टा असलाच पाहिजे.

डेअरीवर पाहिलेला तो लाल पट्टा मानेवर पुरळ उठवून बाद झाला. पुरळ तात्यांच्या मानेवर. मग मी माल आणायला बारामतीला निघालो, तर तात्या गाडीत येऊन बसले.

बारामतीत कुत्र्यामांजरांच्या सामानाचं एक काचेचं दुकान आहे. आत गार हवा, भिंतभर पट्टे. दुकानदारानं नम्रपणे विचारलं, ब्रीड कोणती? तात्या म्हणाले, ऊसतोडीच्या टोळीतली. त्यानं गळ्याचं माप विचारलं. तात्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, सदऱ्याचं वरचं बटण सोडलं आणि मान पुढे केली. "ह्येच माप धरा. थोडं फार इकडंतिकडं आसंल, पर दोघांची बी मान म्हातारी हाय."

पुढचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. तात्या एकेक पट्टा घालून आरशासमोर उभे राहायचे, मान डावीउजवीकडे वळवायचे, खाली वाकून ताटलीतलं खाल्ल्यासारखं करायचे आणि मागच्या पायानं कान खाजवता येईल का, याचा विचार करत थोडा वेळ थांबायचे. तेवढ्यात माझा एक मोठा बागायतदार गिऱ्हाईक आपल्या अल्सेशियनसाठी खाणं घ्यायला आत आला. मी पक्ष्यांच्या पिंजऱ्यामागे गेलो. तात्यांनी तिथूनच मला आवाज दिला, "सुभाषराव, जरा मागनं वढून बघा, गळा आवळतोय का."

मी ओढून पाहिलं. दुसरं काय करणार.

चार पट्टे घरी आले आणि चारही नापास झाले. घुंगराचा पट्टा घालून तात्या एक रात्र झोपले आणि सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी म्हणाले, कूस बदलली की वाजतोय, गड्याला सपानसुदिक निवांत पडायचं न्हाय. साखळीनं मानेचे केस उपटले. दिव्याचा पट्टा संध्याकाळी घातला तर तोंडावर चिलटं जमली. गोचिडांच्या औषधाचा पट्टा घालू नका, असं पाकिटावरच छापलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, माणसानं घालू नका म्हणत्यात म्हंजी काय तरी आसंल. घातला, शिंकून शिंकून बेजार झाले आणि तोही गेला.

पावसाळा सरला. कारखान्याच्या धुराड्याची साफसफाई सुरू झाल्याची बातमी आली, म्हणजे हंगाम तोंडावर आला. तात्यांनी मग बाजारचा नाद सोडला. घरातल्या बैलांच्या जुन्या चामडी पट्ट्याचा एक तुकडा त्यांनी माळ्यावरून काढला, एरंडेल चोळून चोळून मऊ केला. आतल्या बाजूला घोंगडीची किनार लावून लासुर्ण्याच्या बाजारातल्या चर्मकाराकडून तो शिवून घेतला. नावाची पितळी चकती करायला इंदापूरला भांड्यांच्या दुकानात गेले, तिथं भांड्यांवर नाव घालून देतात. तिथल्या माणसानं हाताच्या सवयीनं आधी 'सप्रेम भेट' घातलं आणि मग विचारलं, नाव काय घालू? तात्यांनी ते तसंच राहू दिलं, वेगळं नाव घातलं नाही. खोटं थोडंच हाय, म्हणाले.

नंबर घातलात ना, मी विचारलं. घातलाय, म्हणाले. बघू, म्हटलं, तर चकतीवर हात ठेवला. नंतर बघा. आधी मानेला विचारायचं होतं.

आणि मग एका सकाळी मी दुकान उघडत असताना फोन आला. नंबर अनोळखी. कुणीतरी बाई बोलत होती.

"मी नरसिंहपुरातनं बोलतीया. देवळापशी माझं फुलांचं दुकान हाय. हितं पायरीवर एक आजोबा बसल्यात. चक्कर आली त्यास्नी. नाव इचारलं तर नुसतं हात हलवत्यात. गळ्यात कुत्र्यावानी पट्टा हाय बगा, त्याच्यावर तुमचा नंबर हाय. तुमचंच हायत का?"

माझा नंबर का, कसा, हे काही मी विचारलं नाही. "होय, आमचेच," एवढंच म्हणालो, आणि शटर पुन्हा खाली ओढलं.

लासुर्ण्याहून नरसिंहपूर काही जवळ नाही. वाटभर मी तात्यांच्या नावानं बडबडत होतो. पोहोचलो तर तात्या फुलवालीच्या शेजारी सावलीत बसून बशीतून चहा पीत होते. रंग जरा उतरला होता, पण बाकी ठीक होते. नवी वस्तू देवाच्या पायाला लावून आणायची म्हणून पहाटेच्या एसटीनं उपाशीपोटी निघाले होते. पुजाऱ्यानं पट्टा देवापुढं ठेवून परत दिला. हातात धरला तर कुठंतरी राहील म्हणून तात्यांनी तो गळ्यात घातला आणि नद्यांच्या संगमाकडच्या पायऱ्या उतरायला लागले. तिथं डोळ्यांपुढं अंधारी आली.

फुलवालीचे आभार मानून मी त्यांना गाडीत बसवलं. इंदापूरच्या डॉक्टरांना दाखवलं. उपास आणि ऊन, बाकी काही नाही, असं ते म्हणाले, तेव्हा कुठे माझा राग नीट वर आला. वालचंदनगरचा फाटा आल्यावर मी विचारलं, तात्या, पट्ट्यावर माझा नंबर कशासाठी? रमेशचा का नाही?

"रमेश सातव्या मजल्यावर. तितं कुत्रं चालत न्हाय. त्याचा काय दोष न्हाय त्यात."

"मग तुमचा स्वतःचा घालायचा."

तात्यांनी खिडकीची काच खाली केली. दोन्ही बाजूंनी तोडीला आलेला ऊस होता.

"मी हाय तवर चिटबॉयला हुडकायला मला फोन लागत न्हाय. मी हिंडून हुडकीन. फोन लागंल त्यो मी नसल्यावर. मंग माझा नंबर वाजून काय उपेग?"

इतके दिवस मी समजत होतो की हा माणूस पट्टा शोधतो आहे.

"निदान मला विचारायचं तरी, तात्या."

"मानंला इचारलं," तात्या म्हणाले. "लई दिस इचारत व्हतो. ती म्हणली, सुभाषराव कुरकुर करत्यात, पर येत्यात."

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो. डोळे भरून आले होते, आणि तात्यांना ते दिसू नये म्हणून मी उगाच समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घातल्या. तो बिचारा आपल्या बाजूनं चालला होता.

घरी आलो तेव्हा चिटबॉय नळ्यांच्या बंडलावरून उठून उभा होता. माझ्या दुकानापुढे तो उठलेला मी प्रथमच पाहिला. तात्या ओट्यावर बसले, गळ्यातला पट्टा सोडला आणि हात लावून मान मला दाखवली. कुठं वळ नव्हता, लाली नव्हती.

"पास झाला," ते म्हणाले आणि पट्टा माझ्या हातात दिला. "तुमी घाला."

मी त्या कुत्र्याला तोवर कधी हात लावला नव्हता. खाली बसलो. त्याच्या मानेवरचे केस बाजूला सारले, पट्टा फिरवला, बक्कल लावलं. चिटबॉय हलला नाही. चकतीवर 'सप्रेम भेट' आणि खाली माझा नंबर, स्टीलच्या ताटावर नाव असतं तसा बारीक ठिपक्यांत.

"येक भोक सैल करा," तात्या वरून म्हणाले.

मी सैल केलं.