बल्लाडी शब्दाचे वर्तमान

श्री. वाचा जिने दिली तिनेच ती सांभाळावी. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरी, समुद्रकाठच्या एका राज्यात जे घडले ते येणेप्रमाणे.

राज्याचे नाव विचारू नये. ते धुक्यात असते, ऊन पडले म्हणजे दिसत नाही. तेथे टोपीकर गलबते घेऊन आले आणि मिरी भरून गेले आणि जाताना आपली भाषा मागे विसरले. मग ती रयतेने उचलली आणि ज्यास जशी पेलली तशी वापरली. घाटावरचे लोक ती भाकरीसारखी थापून बोलत, राजधानीचे नाकातून, आणि बंदरचे लोक हेल काढून, होडी डुलावी तशी. त्या भाषेत 'ब्लडी' म्हणून एक शब्द होता. टोपीकरांस ती शिवी. राजधानीचे सरदार तीच विडा चघळावा तशी उच्चारीत आणि ऐकणारे म्हणत, "वा, किती शिकले आहेत!" घरच्या भाषेतली शिवी तोंडी आली तर हेच लोक चूळ भरीत. बंदरावर त्या शब्दाचा 'बल्लाडी' झाला होता आणि त्यातली शिवी खाऱ्या पाण्याने केव्हाच धुऊन गेली होती. मासळी ताजी ती बल्लाडी ताजी, सून गुणाची ती बल्लाडी गुणाची.

त्या साली चंद्रावळाबाईसाहेब गादीवर बसल्या. सरकारी गलबताचे सुकाणू तीन पिढ्या रवळोजी तांडेलांच्या घरी, म्हणून ते मुजऱ्यास आले आणि भोळेपणी बोलून गेले, "बाईसाहेबांनू, तुमी गादयेर बल्लाडी बऱ्या दिसतास!" अनंतपंत जिव्हाधिकारी, ज्यांच्याकडे राज्यातील शुद्ध उच्चारांचा कारभार, ते ताडकन उठले आणि गरजले, "शिवी! आणि तीही ह्या उच्चाराने!" पंत स्वतः तो शब्द दिवसातून अकरा वेळा बोलत, मोजून पाहिले आहे, परंतु नाकातून, सबब माफ. बाईसाहेबांस हसू आले होते, पण गादी नवी, हसण्याची सोय नव्हती. मग हुकूम झाला की हा शब्द बंदरी हेलाने जो कोणी उच्चारील त्यास घाटापलीकडे, जेथे समुद्राची गाज पोचत नाही, तेथे जन्मभर धाडावे. पहिला अपराध म्हणून रवळोजींस ताकीद देऊन सोडले. दासी सांगत की पुढे कित्येक दिवस बाईसाहेब आरशापुढे उभ्या राहून तो शब्द त्याच हेलाने पुटपुटत आणि गालात हसत.

मग माघ मासी बाईसाहेब बेटावरल्या देवीच्या दर्शनास निघाल्या. सुकाणूवर रवळोजी, वल्ह्यांवर सोळा जण, शेजारी हुकुमाचा कागद घेऊन अनंतपंत. सकाळी असे धुके उतरले की पाणी कोठे सरते आणि आभाळ कोठे लागते हे कळेना, आणि गलबत कापसात ठेविल्यासारखे निःशब्द चालले. इतक्यात रवळोजींस पुढे फेस दिसला. तो म्हातारीचा दात म्हणून नावाजलेला खडक. एरवी त्यांनी "मारा बल्लाडी डावीकडे!" म्हणून आरोळी दिली असती. हुकूम आठवला, आणि ते हात जोडून म्हणाले, "बंधूंनो, कृपा करून डावीकडे वल्हवावे."

बंदरावर इतक्या अदबीने फक्त मयताच्या घरी बोलतात. सोळा वल्ही थांबली. बाबलो म्हणून जुना वल्हेकरी होता, त्याने डोईचे मुंडासे काढले आणि रडू लागला, "संपलां रे! तांडेल अदबीन बोललो!" मग सगळ्यांनीच देवाचे नाव घेतले. अनंतपंत नाकातून ओरडले, "ब्लडी, वल्ही मारा!" वल्हेकऱ्यांस वाटले, पंत शेवटचा मंत्र म्हणताहेत, त्यांनी डोळे मिटून हात जोडले. गलबत हळूहळू सरकत होते, आणि फेसाचा आवाज कोणी मुलास थोपटावे तसा येत होता.

"तांडेल, बोला ना!" बाईसाहेब म्हणाल्या.

"बोललंय तर माजो समींदर जाता, बाईसाहेबांनू. नाय बोललंय तर तुमी जातास." आणि रवळोजींनी समुद्राकडे एकदा डोळे भरून पाहिले आणि तोंड उघडले. तोच बाईसाहेबांनी हात करून त्यांस थांबविले, पदर खोचला आणि अस्सल बंदरी हेलात गरजल्या, "मारा बल्लाडी डावीकडे, बल्लाडी रेड्यांनो!"

सोळा जण झोपेतून उठावे तसे उठले. वल्ही पडली, गलबत वळले, आणि खडक इतक्या जवळून गेला की पंतांच्या उपरण्यास शेवाळ लागले.

पंतांनी कागद काढला. "हुकूम सरकारचा, शिक्का सरकारचा, आणि उच्चार... उच्चार बंदरचाच!"

"मी काय बोलले?" बाईसाहेबांनी विचारले.

"आमका कायव आयकाक येवक नाय," बाबलो डोळे पुशीत म्हणाला. "वारो होतो."

"वारो होतो," सोळा जण बोलले.

पंतांनी खाली पाणी पाहिले, धुक्यात किनारा दिसतो का पाहिले, उपरण्यावरले शेवाळ पाहिले, आणि म्हणाले, "वारा होता खरा."

"मग त्या दिवशी दरबारातही वाराच होता," बाईसाहेब म्हणाल्या. "तसे लिहा."

तात्पर्य, हुकूम रद्द झाला नाही, आजही कायम आहे. रवळोजी हात चालेनासे होईतो सुकाणूवर राहिले, आणि बंदराच्या दप्तरी त्यांच्या प्रत्येक सफरीपुढे एकच नोंद आढळते: वारा भरपूर, गलबत सुखरूप.