चार रांजणांचं गणित

"वैशाखात लग्न असलं म्हून काय झालं? इंझोरीची दीडशे वऱ्हाडी माणसं येऊ द्या! पहिल्याले जसं गार पाणी, तसंच शेवटच्याले!"

माझ्या लग्नाच्या पंधरा दिवस आधी बाबांनी हे जाहीर केलं. बाबा, म्हणजे रामराव, शेलूबाजारला एका जिनिंगमध्ये इंजिन सांभाळत. आता ते नाहीत. पण चोपन्न सालच्या त्या उन्हाळ्यात नळाचा तुकडा दिसला, की तो कशाला तरी जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्यांचं म्हणणं असं, की माणसं सावकाश येतात, पण तहान सगळ्यांना एकदम लागते. म्हणून मधे साठा हवा. किती माणसं, किती तांबे, पाणी गार व्हायला किती वेळ, असं सगळं कागदावर मांडून उत्तर आलं चार रांजण! ते ओळीने बसवले, नळांनी जोडले, सांध्यांना सुतळी-सफेदा लावला. पहिल्यात पाणी ओतायचं, चौथ्याच्या तोटीतून घ्यायचं. तोटीचं पाणी पिऊन आईसुद्धा म्हणाली, "दात कळकले न वो!"

तिथंच थांबायचं की नाही!

लग्नाला दोन दिवस उरले असताना बाबांनी रांजणांतलं पाणी मोजलं आणि आईला हाक मारली. "कस्तुरा, रात्रीतून दोन घागरी पाणी गायब! गणितात बसून नाही राह्यलं!" आणि त्यांनी जिनिंगच्या फाटकाचा उरलेला हिरवा तेलरंग आणून चारही रांजणांना दोन-दोन हात दिले. रांजण नवरदेवापेक्षा देखणे दिसू लागले.

लग्नाच्या दिवशी भर दुपारी बैलगाड्या आल्या. माझे होणारे सासरे जगदेवराव उतरले ते थेट तोटीपाशी. एक घोट घेतला आणि तांब्यात बघत राहिले.

"रामराव, चहा करून राह्यले का? पत्ती टाकाची राह्यली!"

सगळे हसले. मग बाकीच्यांनी प्यायलं आणि हसू बंद झालं. "आमाले कढत पाणी पाजता? मुद्दाम करून राह्यले हे!" कुणीतरी ओरडलं, "जुपा रे गाड्या!"

हळद लागलेली मी खिडकीत थिजले. आणि बाबांनी काय करावं? खिशातून कागद काढला आणि तहानलेल्या दीडशे माणसांना गणित वाचून दाखवू लागले!

आईने पुढे होऊन रांजणाच्या पोटावर हात फिरवला. "अहो, कोरडा ठाक हाय हा! याले घाम काहून नाही आला?"

"म्या बंद केला न पाझर! पाणी वाया जात होतं!"

"वाया?" आई कपाळावर हात मारून म्हणाली. "अहो, त्या पाझरानंच तर गार होते पाणी!"

बाबांनी कागदाकडे पाहिलं, रांजणाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले. जगदेवराव आधी खाकरले, मग पोट धरून हसले. "इतका भोळा माणूस मुद्दाम काय करन! आना एक वीट इकडं!"

मग अर्धं वऱ्हाड बाह्या सारून विटेच्या तुकड्यांनी रांजण घासायला बसलं. मुंडावळ्या मागे टाकून नवरदेवही! आंतरपाट दूर झाला तेव्हा मला आधी दिसले ते त्यांचे हिरवे हात. पाणी मात्र जेवणं होईपर्यंत कोमटच होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना बाबा जवळ आले. ओठ थरथरत होते. मीही पदर डोळ्यांशी नेला.

"माय," ते कसेबसे म्हणाले, "तिकडचे रांजण पाझरते का, तेवढं कळव."

सासरहून माझं पहिलं कार्ड गेलं : 'पाझरतात. काळजी नसावी.'

उलट टपाली त्यांचं आलं : 'रात्रीतून किती?'