आतड्याला सूज : एक कौटुंबिक प्रयोग

कर्करोग हा ज्याला झाला आहे त्याच्यापासून लपवून ठेवण्याचा आजार आहे, याबाबत सर्व सुशिक्षित कुटुंबांत एकमत आहे. रोग्याला कळलं तर तो खचतो. तो खचला की त्याचा चेहरा पडतो आणि तो पडलेला चेहरा घरच्यांना दिवसभर बघावा लागतो, ज्याचा त्यांच्या प्रकृतीवर अनिष्ट परिणाम होतो. म्हणून गाठ रोग्याकडे आणि निदान नातेवाइकांकडे, अशी कामाची न्याय्य वाटणी करण्यात येते.

मामांच्या घरीही ती कसोशीने करण्यात आली. मामा म्हणजे नाटक कंपनीतले निवृत्त प्रॉम्प्टर. कंपनीतले नट मामा म्हणत, म्हणून पुढे सगळी गल्लीच म्हणू लागली. नट वाक्य विसरला की विंगेतल्या स्टुलावरून, ओठ न हलवता, ते वाक्य नेमकं त्याच्या कानात सोडायचं आणि पहिल्या रांगेला मात्र कळू द्यायचं नाही, हे काम त्यांनी हयातभर केलं. डॉक्टरांनी त्यांना पडद्यामागे शर्ट घालायला पाठवलं आणि पडद्याच्या अलीकडे मुलाला हळू आवाजात सांगितलं, की आतड्यातली गाठ कर्करोगाची आहे आणि ऑपरेशन लवकर करावं लागेल. पडद्याआडच्या माणसाला ऐकू येत नाही, असा वैद्यकशास्त्राचा ठाम समज आहे. मामांची तर अख्खी नोकरी पडद्याआड झाली होती. त्यांनी शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली आणि ते हसतमुखाने बाहेर आले.

मुलगा एका कंपनीत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देत असे. त्याने त्याच दिवशी मामी आणि सुनेला गच्चीवर नेऊन धोरण जाहीर केलं. रोगाचं अधिकृत नाव 'आतड्याला सूज' असं राहील. ऑपरेशनला 'छोटीशी दुरुस्ती' म्हणावं. रडण्यास मनाई नाही, मात्र ते स्वयंपाकघरात आणि नळ सोडून करावं. (घरातला पाण्याचा वापर त्या आठवड्यात सत्तर टक्क्यांनी वाढला. हे टक्के मुलानेच काढले. त्याला टक्के काढल्याशिवाय चैन पडत नसे.) वर्तमानपत्रातलं राशिभविष्यही आधी तपासलं जाऊ लागलं आणि कर्क राशीच्या जागी रोज एक सुबक चौकोनी भोक दिसू लागलं. मामांची रास तूळ होती, पण धोका कोण पत्करणार?

भेटायला येणाऱ्यांना दारातच माहिती देण्यात येई. त्यांच्यापैकी बहुतेक जण 'तब्येत छान दिसतेय' म्हणत. काही जणांना म्हणायच्या आधीच हुंदका येई, त्यांना कुंड्या बघायला गॅलरीत नेण्यात येई. कुंड्या दोनच होत्या आणि एकीत नुसती माती होती, तरी लोक डोळे पुसत बराच वेळ तिच्याकडे बघत.

मामा खुर्चीत बसून हा प्रयोग बघत होते. त्यांच्या मते नाटक बरं होतं, पण तालमी कमी पडल्या होत्या. मुलगा फार मोठ्याने बोलत होता. सून विनोदाच्या आधीच हसत होती. मामींना तर मुळात अभिनय जमतच नव्हता. त्या औषधाची गोळी देताना इतक्या प्रेमाने बघत, की गोळीलाच संशय यावा. इतकी मंडळी इतके कष्ट घेताहेत म्हटल्यावर नाटक पाडणं मामांच्या जिवावर आलं. त्यांनीही आपली भूमिका चोख धरली. आमटीत मीठ कमी आहे अशी ते रोज तक्रार करत, कारण नुसती सूज आलेला माणूस तक्रार करतो.

एकच अडचण होती. मामांना भीती वाटत होती. भूल दिल्यावर जाग आलीच नाही तर, हा विचार त्यांची पाठ सोडत नसे, आणि हे एकदा, फक्त एकदा, मामींना सांगावं असं त्यांना फार वाटे. पण त्या वाक्याला सबंध नाटकात कुठेच जागा नव्हती. सुजेला कोण घाबरतं?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. मुलगा आणि सून दवाखान्याची पिशवी भरत आत होते, त्यामुळे काकूंना दारात गाठायला कोणीच नव्हतं. त्यांनी खुर्चीत टेकताच थेट मामींना विचारलं, "वहिनी, खरं सांगा, काय झालंय हो यांना?"

मामींनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. नट वाक्य विसरलेला मामांना क्षणभरही सहन होत नसे. त्यांच्या ओठांची हालचाल झाली नाही, पण आवाज मामींच्या कानात बरोबर पोचला.

"आतड्याला सूज."

"आतड्याला सूज," मामी म्हणाल्या.

"घाबरण्यासारखं काही नाही."

"घाबरण्यासारखं काही नाही."

"काकू, चहा घेणार?"

"काकू, चहा घेणार?" असं विचारून मामी थांबल्या आणि हळूहळू मान वळवून मामांकडे बघू लागल्या. काकूंना काहीच कळलं नाही. त्या चहा पिऊन, तब्येत छान दिसतेय म्हणून गेल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मामींनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी तिकडे नळ सोडून रडतेय!"

"एखादं तरी भांडं वाजवायचं गं. नुसत्या पाण्यावर कोण विश्वास ठेवील?"

मामींना आधी राग आला आणि मग असं हसू फुटलं, की पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. मामाही पोट धरून हसले, दुखत होतं तरी हसले. हसता हसताच ते म्हणाले, "मला फार भीती वाटतेय गं."

"मलाही," मामी म्हणाल्या आणि त्यांनी मामांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मामांना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला.

आवाज ऐकून मुलगा धावत बाहेर आला. "काय झालं? आई, बाबांना काही सांगितलंस का?"

मामींनी मामांकडे बघितलं. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"छे रे," त्या म्हणाल्या, "यांना काय सांगायचंय? सूजच तर आहे."

या वेळी त्यांचा अभिनय निर्दोष होता. मुलगा निर्धास्त होऊन पिशवी भरायला गेला. त्याला कळू द्यायचं नाही, असं दोघांनी तिथल्या तिथे ठरवलं. त्याला ते सोसलं नसतं.

घरोघरी ही व्यवस्था अशीच सुरळीत चालू आहे. तुमच्याही घरात अलीकडे तुमचं प्रत्येक म्हणणं लगेच पटू लागलं असेल, तुम्ही खोलीत शिरताच फोनवर कोणी घाईने "बरं, ठेवते" म्हणत असेल, आणि टीव्हीचा रिमोट न मागता तुमच्या हातात येत असेल, तर मजेत राहा. कारण मात्र कोणाला विचारू नका. उत्तर देताना त्या बिचाऱ्यांना फार त्रास होईल.